हृदयविफलतेतील स्वकाळजी आणि जीवनगुणवत्ता

हृदयविफलता म्हणजे शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यात हृदय कमी पडणे. बोलीत ‘हार्ट फेल’ म्हटले की हृदय बंद पडले असा अर्थ निघतो, आणि निदान ऐकताच घरचे हादरतात. प्रत्यक्षात हृदय चालूच असते, त्याची ताकद कमी पडते. या दीर्घकालीन आजारात डॉक्टरांची गाठ महिन्या-दोन महिन्यांतून पडते. मधल्या दिवसांत रुग्ण आणि घरची माणसे जे करतात त्याला स्वकाळजी म्हणतात.

परिचारिकाशास्त्राच्या अभ्यासक बार्बरा रीगल आणि व्हिक्टोरिया डिक्सन यांनी २००८ मध्ये स्वकाळजीचा सिद्धान्त मांडला. वेळेवर गोळ्या, बेताचे मीठ, झेपेल तेवढी हालचाल, लसीकरण हा रोजचा भाग. लक्षण दिसल्यावर योग्य ते पाऊल उचलणे हा दुसरा. २०१६ च्या सुधारित मांडणीत या दोहोंमध्ये लक्षण ओळखण्याचा स्वतंत्र टप्पा आला. खरी गोम तिथेच आहे. धाप हळूहळू वाढते, माणूस नकळत जिना टाळू लागतो, उशाला एकाच्या दोन उशा घेतो आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. पायांवरची सूज संध्याकाळी दिसते, सकाळी उतरते. तिच्यावरही विश्वास बसत नाही.

म्हणून वजनकाटा उपयोगी. सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करून लिहून ठेवायचे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ती चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते. अशा वेळी लघवीच्या गोळीचा डोस किती वाढवायचा हे काही रुग्णांना आधीच ठरवून दिलेले असते; इतरांनी लगेच डॉक्टरांना कळवावे. पण काटा सगळे सांगत नाही. वजन स्थिर असतानाही दम वाढू शकतो. सांधेदुखीसाठी मनाने घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि आजार बळावतो.

जीवनगुणवत्ता मोजायला प्रश्नावल्या आहेत. मिनेसोटा प्रश्नावलीत २१ प्रश्न असून गुण ० ते १०५. जितके जास्त तितका त्रास अधिक. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्सस सिटी प्रश्नावलीत मात्र ० ते १०० पैकी जास्त गुण म्हणजे प्रकृती बरी. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून वाचणाऱ्याची हमखास फसगत होते.

स्वकाळजी चांगली म्हणजे जगणे सुखाचे, हे समीकरण दिसते तितके सरळ नाही. पाणी मोजून पिणाऱ्याला सतत तहान छळते, पंगतीत तो वेगळा पडतो. शिवाय काही बंधनांचा पाया समजले जात होते तितका पक्का नाही. २०२२ च्या ‘सोडियम-एचएफ’ चाचणीत आहारातले सोडियम (मिठातला घटक) दिवसाला १५०० मिलिग्रॅमच्या आत आणण्याचे लक्ष्य ठेवूनही मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. जीवनगुणवत्तेत थोडी सुधारणा दिसली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ‘फ्रेश-अप’ चाचणीत प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत पाण्यावर १५०० मिलिलिटरची मर्यादा घालण्याचा फायदा आढळला नाही, तहानेचा जाच मात्र वाढला. याचा अर्थ पथ्य मोडावे असा नव्हे. सूज असलेल्याचा आणि नसलेल्याचा हिशेब वेगळा असतो, आणि तो डॉक्टरांनी माणूस पाहून मांडायचा असतो.

नैराश्य या आजारात वारंवार आढळते. त्याने गोळ्या चुकतात, चालणे थांबते. आणि थकवा, झोपमोड, भूक मंदावणे ही लक्षणे दोन्ही आजारांची असल्याने ते सहज नजरेआड होते. विस्मरण असलेल्या रुग्णाला वहीतले आकडे असूनही त्यांचा अर्थ लागत नाही. तिथे स्वकाळजीतला ‘स्व’ नावापुरताच उरतो. गोळ्यांचा डबा भरणारी आणि रात्री श्वास ऐकत जागणारी व्यक्ती बहुधा घरातली दुसरीच असते, आणि रुग्णाच्या प्रश्नावलीत तिच्या थकव्याला रकाना नसतो.