गुडघ्याचा पुनर्विकास

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी लालबाग-परळच्या चाळींत एक वाक्य हमखास कानी पडते: "एक्स-रेत काही नाही, नुसता मुका मार आहे." एक्स-रेत हाडे दिसतात, लिगामेंट म्हणजे अस्थिबंध दिसत नाहीत, हे त्यात विसरले जाते. गुडघ्याचे मुख्य अस्थिबंध चार: आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे एसीएल (पुढचा) व पीसीएल (मागचा) आणि दोन्ही बाजूंना एकेक. थरावरून कोसळताना यांपैकी दोन किंवा अधिक एकदम तुटले, तर बऱ्याचदा गुडघा क्षणभर निखळून आपोआप जागेवर आलेला असतो. तेव्हा पहिली चिंता गुडघ्यामागच्या रोहिणीची. ती फाटली किंवा तुंबली आणि सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही, तर पाय गमवावा लागू शकतो. अशा गुडघ्याला तेल चोळून ओढणाऱ्या हाडवैद्याकडे दवडलेला वेळ मला अक्षम्य वाटतो.

तुटलेला एसीएल शिवून सहसा भागत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, काढून, दुमडून चौपदरी करतात आणि हाडांत बोगदे पाडून त्यांत ओवतात. तरुण माणसाचा मूळ एसीएल तुटायला सुमारे २१६० न्यूटन, म्हणजे दोन क्विंटलहून अधिक वजनाइतका ताण लागतो आणि ही चौपदरी दोरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना त्याहूनही मजबूत असते. गंमत पुढे आहे. रक्तपुरवठा तोडून आणलेल्या या कंडरेतल्या मूळ पेशी सांध्यात मरतात, उरतो तो कोलॅजन तंतूंचा सांगाडा. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात आणि जुने तंतू मोडून नवे विणू लागतात. चाळीच्या पुनर्विकासाप्रमाणे इथेही पाडकाम झपाट्याने होते आणि बांधकाम रेंगाळते, त्यामुळे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात हा बंध सर्वांत अशक्त असतो. नेमकी त्याच सुमारास सूज उतरते आणि रुग्णाला धावती लोकल पकडावीशी वाटू लागते. इंजेक्शनने महिनाभरात लिगामेंट जोडून देणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

व्यायामाचा पेचही यातूनच येतो: हलवले नाही तर सांधा आखडतो, जास्त हलवले तर बंध सैलावतो. पीसीएल नवा बसवला असेल, तर उताणे झोपून गुडघा वाकवताना नडगीचे हाड स्वतःच्या वजनाने मागे घसरते. म्हणून फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पालथे झोपवून, नडगीला हाताचा आधार देत, सुरुवातीला नव्वद अंशांपर्यंतच पाय वाकवतात. खेळात परतायला सहसा नऊ ते बारा महिने, कधी त्याहूनही अधिक लागतात. यंदा पडलेल्या गोविंदाने पुढच्या वर्षीची हंडी खालूनच पाहावी.