रॅम सेटिंग

रॅम सेटिंग म्हणजे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचा स्पीड, टायमिंग आणि व्होल्टेज असं बसवायचं की मशीन मधेच हँग होणार नाही आणि निळा स्क्रीन येणार नाही. बोलताना सगळे 'एक्सएमपी (रॅमवाल्याने लिहून दिलेलं तयार सेटिंग) ऑन कर' एवढंच सांगतात, पण ते अर्धंच काम.

गोंधळ सुरू होतो बॉक्सवरच्या स्पीडच्या आकड्यापासून. ३२०० छापलेली डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) स्टिक आणून लावली की ती बऱ्याचदा २१३३ नाहीतर २४०० वर चालते, कारण बोर्ड आधी जेडेक या संस्थेने ठरवलेलं सेफ सेटिंग घेतो, १.२ व्होल्टचं. बॉक्सवरचा स्पीड स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये वेगळा प्रोफाइल म्हणून लिहिलेला असतो, इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या वेळी आणलेलं एक्सएमपी ते हेच, आणि एएमडीचं एक्स्पो आलं २०२२ ला, डीडीआर५ साठी. तो ऑन केला की डीडीआर४ ला व्होल्टेज साधारण १.३५ होतं. म्हणजे हे ओव्हरक्लॉकच, ठरलेल्या स्पीडच्या वर पळवणंच, झालं की, फक्त ते कंपनीने करून दिलंय. रॅमवाल्याने स्टिक तपासली असेल, पण रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर तुमच्या प्रोसेसरमध्ये आहे आणि तो काही त्याने पाहिलेला नाही.

उन्हाचा भाग नाशिककरांनी जरा नीट वाचावा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा कपॅसिटर, तो सतत गळत असतो म्हणून डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेशची कमांड जाते, आणि चिप ८५ डिग्रीच्या वर गेली की ती दुप्पट वेळा द्यावी लागते, कारण गरम झालं की गळती वाढते. नाशिक म्हणजे थंड हवा असं बाहेरचे लोक अजून म्हणतात, त्यांनी एप्रिल-मे मध्ये सातपूर नाहीतर अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता येऊन बसावं. तिथल्याच एका वर्कशॉपचा ड्रॉइंगचा पीसी मी पाहिलाय, सकाळी अगदी शहाणा आणि जेवणानंतर रोज हँग. यूपीएस बदलून झाला, विंडोज दोनदा टाकून झालं, सकाळी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम, लावली तर दोन फेऱ्या क्लीन, म्हणून रॅमवर कोणाचा संशयच नाही. मग तीच टेस्ट दुपारी लावली आणि वीस मिनिटांत लाल ओळी. स्पीड ३६०० वरून ३२०० केला आणि बाजूचा फॅन पुसला, बास, त्यानंतर तक्रार नाही.

यात नुकसानही फार नव्हतं. ३६०० ला सीएल१८ काय किंवा ३२०० ला सीएल१६ काय (सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती क्लॉक थांबायला लावते ते टायमिंग), हिशोब केला तर दोन्हीकडे १० नॅनोसेकंदच येतात, कमी होते ती बँडविड्थ, म्हणजे एका सेकंदात किती डेटा जातो ते, आणि ड्रॉइंग काढणाऱ्याला ती सहसा जाणवत नाही. तरी लोक तो आकडा सोडायला तयार नसतात.

दोन स्टिक असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. शेजारी शेजारी लावल्या की बऱ्याचदा दोन्ही एकाच चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीवर) जातात आणि बँडविड्थ निम्मी. चार स्टिकचा मोह तर डीडीआर५ ला टाळलेलाच बरा, एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरला दोन स्टिकसाठी ५२०० चा अधिकृत सपोर्ट आहे आणि चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. जुन्या स्टिकला वेगळ्या कंपनीची जोड लावणं हा तर जुगारच, लागला तर लागला.

टेस्टसाठी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाकायचं आणि रात्रभर, जमलं तर भर दुपारीही चालवायचं. एक एरर आली तरी नापास, 'एकच तर आहे' असं चालत नाही. नापास झालं की स्पीड एक पायरी खाली, व्होल्टेज वाढवायच्या भानगडीत उगाच पडू नये.

डीडीआर५ पहिल्यांदा लावल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळाच राहतो, ते मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड रॅमशी टायमिंग जुळवून बघतो ते, चालू असतं, घाबरून स्विच बंद करू नका. खरंच चालू झालं नाही तर प्लग काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाजूला ठेवायचा, सगळं मूळ सेटिंगवर येतं. त्यात एक्सएमपी पण बंद होतं, आणि हे विसरून लोक ३२०० ची रॅम पुढे वर्षभर २१३३ वर वापरतात.