मानसिक आजार आणि फौजेची अपंगत्व पेन्शन : वाद कुठून सुरू झाला

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांच्यासाठी इंग्रजांनी गावात स्तंभ उभारला. डोक्याचा आजार घेऊन मेडिकल बोर्डातून, म्हणजे जवानाचे अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळातून, घरी आलेल्याची नोंद मात्र फाइलीतच राहते, आणि पेन्शनीचा वादही त्या फाइलीतूनच निघतो.

२००८ पूर्वीचे नियम वाचले तर वादाला फारशी जागा नसावी. १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशनप्रमाणे दोन गोष्टी लागत : अपंगत्व किमान २० टक्के, आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेत वाढलेले. १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे पेन्शनीचा हक्क कोणाला ते ठरवणारे नियम, तर चांगलेच उदार. भरतीच्या वेळी जवान शरीराने-मनाने धडधाकट होता असे धरून चालायचे, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही, शंकेचा फायदा त्यालाच. पण याच नियमांत एक पळवाट राहिली. हा आजार भरतीच्या तपासणीत सापडण्यासारखाच नव्हता, असे बोर्डाने कारणे देऊन लिहिले, तर तो सेवेत आला असे मानायचे नाही.

माइनवर पाय गेला तर असे कोणी लिहीत नाही. स्किझोफ्रेनियाला लिहिता येते. 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे मुळातलाच आजार, एवढा शेरा मारायचा. कारणांचा रकाना बरेचदा कोराच. अमेरिकेतही हेच झाले. २००१ नंतरच्या सहा-सात वर्षांत तिथे २२ हजारांहून अधिक सैनिकांना 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर'च्या नावाखाली घरी पाठवले गेले. दोष आधीपासूनचा ठरला की अपंगत्वाचा लाभ नाही. इराकमध्ये जखमी झालेलेही त्यात होते. २००७ मध्ये प्रकरण त्यांच्या संसदेपर्यंत गेले.

आपल्याकडे हा वाद कोर्टात लढला गेला. सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले आणि सातारा-सांगलीच्या माजी सैनिकाला मुंबईच्या खंडपीठाची वाट मिळाली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात, फिट्स येणाऱ्या जवानाच्या बाजूने, बोर्डाने कारणे दिलीच पाहिजेत असा निकाल दिला. वीरपाल सिंग यांचा खटला त्याच वर्षीचा, तो मात्र थेट स्किझोफ्रेनियाचा. तिथे न्यायालयाने बोर्डाच्या निदानावरच बोट ठेवले आणि फेरतपासणीचा आदेश दिला.

पण निकाल एका दिशेने गेले नाहीत. २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात त्याच न्यायालयाने, मनाचे असे आजार भरतीत ओळखता येत नाहीत म्हणून बोर्डाचे मत ग्राह्य धरले आणि पेन्शन नाकारली. माझ्या मते हा निकाल बोर्डाला फार सवलत देतो. रोगाचे नाव सांगणे म्हणजे कारण देणे नव्हे. २०२५ मध्ये राजूमोन खटल्यात, पुन्हा स्किझोफ्रेनियाच्याच प्रकरणात, कारणांवाचून दिलेले मत चालणार नाही असे न्यायालयाने बजावले आणि जवानाला पेन्शन मिळाली.

मध्यंतरी नियमही बदलले, आधी २००८ मध्ये, मग सप्टेंबर २०२३ मध्ये. त्यामुळे आता वकील सर्वांत आधी डिस्चार्ज बुकावरची तारीख बघतो आणि मग बोर्डाची प्रत मागतो.