भाजलेला अख्खा कांदा

कांद्याचा गड्डा न चिरता, बहुधा सालीसकट, निखाऱ्यात, उघड्या जाळावर, तंदुरात किंवा ओव्हनमध्ये आतपर्यंत मऊ होईस्तोवर भाजून जेवणात तोंडीलावणे म्हणून वाढण्याचा प्रकार. चवीला तो गोडसर आणि किंचित धुरकट असतो, आणि वरून मीठ पडल्यावर चांगलाच खमंग लागतो. महाराष्ट्रात, आणि म्हणून मुंबईतल्या मराठी स्वयंपाकघरांतही, अख्खा कांदा भाजणे रोजच्या सरावातले आहे. मात्र भाजलेला कांदा बहुतेक वेळा पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये जातो आणि वाटण होऊन रश्श्यात उतरतो. तो जसाच्या तसा ताटाच्या डाव्या बाजूला वाढावा, ही रीत शेतावरच्या आणि चुलीपुढच्या जेवणाबाहेर शहरात फारशी रुळली नाही. दाण्याचे कूट व मसाला भरून रसात शिजवलेला भरला कांदा आणि उभा चिरून तेलात तळलेला बिरिस्ता हे प्रकार यापासून वेगळे होत, कारण दोन्हींत सुरी आधी चालते आणि चवीतला मोठा फरक तिथेच पडतो.

भाजल्यावर कांद्यात साखर तयार होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या शर्करा कच्च्या कांद्यातही पुरेशा असतात. तिखटपणामुळे त्या जिभेला जाणवत नाहीत, इतकेच. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुगे एका कप्प्यात आणि त्यांचे विघटन करणारे ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असते. कांदा चिरला की हे कप्पे फुटतात, दोन्ही घटक एकमेकांत मिसळतात आणि उग्र दर्पाची संयुगे निर्माण होतात. डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार व्हायला आणखी एक विकर लागते. ते २००२ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढले, तोवर सगळा दोष ॲलिनेजच्याच माथी मारला जात होता. (या शोधाला २०१३ मध्ये इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक मिळाले, ही गोष्ट कांदा चिरणाऱ्यांनी हसून सोडून द्यावी.) अख्खा कांदा भाजताना मात्र पेशी फुटण्याआधीच उष्णता आत पोचते आणि विकरे निकामी होतात, त्यामुळे तिखटपणा तयार होण्याचा मार्गच बंद होतो आणि मुळातला गोडवा मोकळा होतो. चिरून परतलेल्या कांद्यापेक्षा अख्खा भाजलेला कांदा सौम्य का लागतो, याचे उत्तर यात आहे.

कांद्याच्या वजनातला सुमारे ८६ ते ८९ टक्के भाग पाणी असतो. पाणी आहे तोवर गाभ्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही, म्हणून आतला भाग स्वतःच्याच रसात वाफवला जातो; साधारण ८५ अंशांच्या पुढे पेशींना जोडणारे पेक्टिन सैल होऊ लागते आणि पाकळ्या मऊ पडतात. बाहेरचे एक-दोन थर कोरडे झाल्यावर मात्र त्यांचे तापमान बरेच वाढते. तिथे शर्करा आणि अमिनो अम्ले यांच्यातील मेलार्ड अभिक्रिया घडून तपकिरी रंग व खमंग वास येतो. म्हणजे एकाच कांद्यात वाफवणे आणि भाजणे या दोन्ही क्रिया चाललेल्या असतात, आणि या दोहोंचे प्रमाण साधणे हेच करणाऱ्याचे कसब.

या प्रकारासाठी गोड, सौम्य कांदा घ्यावा असे पुष्कळजण सांगतात. अलिबागचा पांढरा कांदा त्या दृष्टीने हटकून सुचवला जातो. अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या परिसरात भाताच्या पिकानंतर होणारा आणि वेणीसारख्या माळा विणून विकला जाणारा हा कांदा उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईच्या बाजारांत येतो, आणि २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कच्चा खाण्यात त्याला तोड नाही, हे खरे. भाजण्यासाठी मात्र तो वाया घालवू नये. त्याची खुबी तिखटपणा कमी असण्यात आहे आणि भाजताना तिखटपणा कोणत्याही कांद्याचा जातो. मग उरतो तो घट्टपणाचा प्रश्न, आणि त्यात साठवणीचा उन्हाळी कांदा सरस ठरतो. पावसाळी हंगामातला पोळ कांदा आणि त्यानंतरचा रांगडा कांदा यांत पाणी अधिक असून साल पातळ असते, त्यामुळे ते भाजताना लवकर ढिले पडतात. मार्चनंतर निघणारा रब्बीचा उन्हाळी कांदा, ज्याला गावरान असेही म्हणतात, साठवणीच्या कांदाचाळीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याची साल जाड व एकावर एक चिकटलेली असते आणि तीच भाजताना आवरणाचे काम करते. वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारात नाशिक, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून येणारा हाच कांदा मुंबईकराला पावसाळाभर मिळतो. आकाराने मध्यम, सुमारे १२० ते १५० ग्रॅमचा, मानेकडे घट्ट मिटलेला आणि मोड न आलेला गड्डा निवडावा. जोडकांदा टाळावा, कारण दोन गाभे असल्यामुळे तो एकसारखा शिजत नाही. बाजारात गोल्टी म्हणून स्वस्तात जाणारा बारीक कांदाही या कामी उत्तम. माणशी दोन-तीन वाढता येतात आणि वेळही कमी लागतो.

कांदा धुऊन पुसून घ्यावा, मुळ्यांची दाढी कापावी, पण त्याखालची कठीण चकती तशीच ठेवावी. ती कापली गेली, की सगळ्या पाकळ्या सुटतात आणि रस वाहून जातो. ओव्हन २०० अंशांवर तापवून सालीसकट मध्यम कांदे ताटलीत एकमेकांना न चिकटता उभे मांडले, तर सुमारे एक तास लागतो. गोल्टीला ३५ ते ४० मिनिटे पुरतात. अर्ध्या तासानंतर मानेपाशी रसाचे बुडबुडे दिसू लागतात, पुढे तो रस साल ओलांडून ताटलीवर उतरतो आणि काकवीसारखा काळसर व चिकट होतो. पातळ सुरी किंवा विणकामाची सुई गाभ्यापर्यंत अडखळल्याशिवाय गेली, की कांदा झाला. बाहेर काढून दहा मिनिटे तसाच ठेवावा, मग मानेकडचा भाग कापून मुळाकडून हलके दाबले असता आतला कांदा सबंध बाहेर निसटतो आणि साल हातात रिकामी राहते. घाईने गरम असतानाच सोलायला गेले, तर बोटे भाजतात आणि मऊ झालेली बाहेरची पाकळी सालीबरोबर जाते. सर्वांत खमंग भाग तोच असतो. ज्यांना वरचा थर अधिक तपकिरी हवा असेल, त्यांनी कांदा सोलून, वरून दोन-तृतीयांश खोलीपर्यंत फुलीसारखा चीर देऊन, तेल-मीठ-जिरे किंवा लोणी चोळून भाजावा. त्यात दिसणे चांगले होते, पण चीर दिल्यामुळे थोडा तिखटपणा परत येतो.

मुंबईतल्या घरांत ओव्हनपेक्षा गॅसचा जाळ सार्वत्रिक आहे. वांगे किंवा पापड भाजण्याची जाळी शेगडीवर ठेवून कांदा फिरवत राहिल्यास १५ ते २० मिनिटांत साल कोळशासारखी होते, परंतु गाभा कच्चाच राहतो; वाटणाला हे चालते, ताटात वाढायला चालत नाही. यावर घरगुती उपाय असा, की जाळावर बाहेरून काळा केलेला कांदा जाड बुडाच्या कढईत ठेवून घट्ट झाकण घालावे आणि मंद आचेवर आणखी २० ते २५ मिनिटे ठेवावा. पाणी घालू नये, कांद्याचे पाणी त्याला पुरते. मायक्रोवेव्हमध्ये कांदा लवकर मऊ होतो, पण त्याला भाजलेला म्हणणे धाडसाचे आहे. निखाऱ्यांची सर कशालाच नाही, हे जुनी माणसे सांगतात ते खोटे नव्हे: स्वयंपाक उरकल्यावर विझत चाललेल्या आरात पुरलेला कांदा हळूहळू, सगळ्या बाजूंनी सारख्या उष्णतेत शिजतो आणि राखेमुळे थेट जाळ लागत नाही.

मुंबईत या क्रियेला मुख्य आधार मिळाला तो वाटणाचा. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांनी आपापली वाटणे बरोबर आणली. कोकणी घरांत भाजलेला कांदा ओल्या किंवा भाजलेल्या खोबऱ्याबरोबर वाटून मटणाच्या किंवा काळ्या वाटाण्याच्या रश्श्याला लावला जाई; सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत सुके खोबरे आणि कांदा दोन्ही जवळजवळ काळे होईपर्यंत भाजले जात. दोन्हीकडे कांदा अख्खाच भाजण्याचा आग्रह असे, कारण चिरून तव्यावर परतलेल्या कांद्याचे वाटण रंगाला फिके येते आणि धुराचा वासही येत नाही. याच कांद्यातला एखादा वाटणात न घालता भाकरीवर ठेवून, मीठ आणि तेलाचा थेंब टाकून खाल्ला जाई. शेतमजुराच्या न्याहरीतला हा घास चाळीतल्या जेवणात आला, पण पाहुण्यांपुढे तो ठेवायची कुणाला इच्छा होईना, आणि पाककृतींमध्ये त्याला जागा न मिळण्याचे कारण चवीपेक्षा हा संकोच असावा.

भाजलेल्या कांद्याचे भरीत याला अपवाद आहे. सोललेला कांदा हाताने कुस्करून त्यात घट्ट दही, हिरवी मिरची, मीठ व कोथिंबीर घालतात आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी देतात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, अनेक घरांत भजी, थालीपिठे व कांदेभाताच्या जोडीला हे भरीत असते. आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांत त्यानंतर चार महिने कांदा घरात येत नाही. मुंबईलगतच्या रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात लावल्या जाणाऱ्या पोपटीतही, भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी मडक्यात बंद करून बाहेरून जाळ घालताना, काही ठिकाणी लहान अख्खे कांदे टाकतात. पाण्याचा थेंब न घालता स्वतःच्या वाफेवर शिजणे हे तत्त्व इथेही तेच.

हॉटेलांत मात्र कांदा कच्चाच वाढला जातो: चकत्या, लच्छा किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेले बारीक कांदे. तंदुराशी उभा असलेला कारागीर सळईच्या टोकाला कांद्याचा किंवा बटाट्याचा तुकडा खोचतो, तो कबाब घसरून भट्टीत पडू नयेत म्हणून. मांसाची चरबी पिऊन भाजलेला हा तुकडा गिऱ्हाइकाच्या बशीत जात नाही, तिथल्या पोरांच्या वाट्याला येतो. कोळशावरच्या भाजणीचे शहरातले दिवसही आता मोजके आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर महापालिकेने बेकऱ्या व उपाहारगृहांना लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेकडे वळण्यास सांगितले.

इतर देशांत हा प्रकार मानाने मिरवतो. स्पेनमधील कॅटालोनियात, विशेषतः वाल्स गावाच्या परिसरात, हिवाळ्याच्या अखेरीस कालसोत नावाचे लांबट कांदे द्राक्षवेलींच्या काटक्यांच्या जाळावर काळे करतात, वर्तमानपत्रात गुंडाळून मुरू देतात आणि वरची जळकी साल हाताने ओढून बदाम-टोमॅटोच्या चटणीत बुडवून खातात. तुर्कस्तानात कबाबाबरोबर निखाऱ्यावर भाजलेला कांदा डाळिंबाच्या आंबट पाकात घोळवून देतात. मेक्सिकोत भाजलेल्या मांसाबरोबर पातीसकट लहान कांदे, मीठ व लिंबू असतात. फ्रान्समधील मांसाच्या सुपात आणि व्हिएतनाममधील फो या रश्श्यात जळका कांदा रंग-वासासाठी टाकतात, आणि त्या बाबतीत ते मराठी वाटणाच्या अधिक जवळचे आहेत.

वाढताना कांद्यावर जाडे मीठ, ताजी भरडलेली मिरी किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी घालावी. आंबट काहीतरी हवेच: लाल कांद्यातील रंगद्रव्य भाजल्यावर मळकट जांभळे दिसू लागते, लिंबाच्या किंवा आमसुलाच्या आगळाच्या स्पर्शाने ते पुन्हा गुलाबी होते, शिवाय गोडीचा कंटाळा येत नाही. तळलेल्या बांगड्याबरोबर, सुक्या मटणाबरोबर किंवा नुसत्या मुगाच्या खिचडीबरोबर तो शोभतो. आमटीच्या जेवणात मात्र गोडावर गोड होते. भाजल्याने कांद्यातील फ्रुक्टन, म्हणजे पोटात न पचणाऱ्या शर्करांच्या साखळ्या, नाहीसे होत नाहीत, त्यामुळे ज्यांना कांद्याने पोटात वायू धरतो त्यांनी बेताने खावा.

फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेला कांदा तसाच ओट्यावर रात्रभर ठेवू नये. ओलसर, आंबटपणा नसलेले आणि हवाबंद वातावरण बोटुलिझमच्या जंतूला पोषक असते. १९८३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया शहरात मार्गारिनमध्ये (वनस्पती तेलाच्या कृत्रिम लोण्यात) परतून कोमट ठेवलेल्या कांद्यामुळे २८ जणांना ही विषबाधा झाली होती. उरलेला कांदा सोलून, निववून, झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत वाटणाला लावून टाकावा.