जनरल जेकब यांची कबर, हुमायून रोड ज्यू दफनभूमी (नवी दिल्ली)

दिल्लीत खान मार्केटपासून अगदी जवळ हुमायून रोडवर जुदाह हयाम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, १९५६ साली बांधलेलं, आणि त्याच्या आवारातच ज्यू दफनभूमी आहे. इथे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांची कबर आहे. ते आधी गोव्याचे आणि मग पंजाबचे राज्यपाल होते. भारतात ज्यू राज्यपाल म्हटलं की हेच नाव येतं, पण लोक त्यांना ओळखतात ते १९७१ च्या युद्धामुळे, राज्यपालपद त्या मानाने मागेच पडलं.

जेकब कलकत्त्याचे, बगदादी ज्यू घराण्यातले. म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपेक्षा, बेने इस्रायलींपेक्षा, वेगळे, त्यांचे पूर्वज व्यापारासाठी इराकमधून आलेले. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या ज्यूंवरच्या अत्याचाराच्या बातम्या ऐकून ते सैन्यात भरती झाले. १९७१ ला ते ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ होते. १६ डिसेंबरला सकाळी हेलिकॉप्टरने ढाक्याला गेले, खिशात शरणागतीचा मसुदा, आणि पूर्व पाकिस्तानातल्या पाक सैन्याचे प्रमुख जनरल नियाझी म्हणत होते की फक्त युद्धबंदीचं बोलू. जेकबनी विचार करायला अर्धा तास दिला आणि बाहेर निघून गेले. ढाक्याभोवती आपले जेमतेम ३,००० सैनिक होते आणि आत त्यांचे २६,००० च्या वर, हा हिशोब त्यांनी स्वतःच पुढे लिहिलाय. त्याच दुपारी रेसकोर्स मैदानावर सही झाली, ९३,००० च्या आसपास युद्धकैदी हाती आले. सहीच्या त्या प्रसिद्ध फोटोत ईस्टर्न कमांडचे प्रमुख जनरल अरोरा आणि नियाझी टेबलाशी बसलेत आणि जेकब मागे उभे आहेत. श्रेय नक्की कोणाचं यावर नंतर बराच वाद झाला, जेकब स्वतःकडे जास्तच घेतात असं म्हणणारे लष्करातलेही होते.

१९७८ ला रिटायर झाले, नंतर भाजपमध्ये गेले, १९९८ ला गोव्याचे राज्यपाल झाले. गोव्यात तेव्हा सरकारं पत्त्यांसारखी कोसळत होती, फेब्रुवारी ते जून १९९९ राष्ट्रपती राजवट लागली आणि सगळा कारभार राजभवनाकडे आला. या चार महिन्यांत जेकबनी जे केलं ते निवडून आलेल्या कुठल्याही सरकारला जड गेलं असतं: सत्तरीतलं म्हादई आणि सांग्यातलं नेत्रावळी, ही दोन्ही जंगलं त्यांनी अभयारण्य म्हणून जाहीर करून टाकली. प्रत्येकी २०० चौरस किलोमीटरच्या वर. खाणवाल्यांना हे आवडणार नव्हतंच, आणि जंगलातल्या गावांमधूनही विरोध झाला, त्यांचे जमिनीचे प्रश्न खरे होते, ते नाकारून चालणार नाही. पण अभयारण्यं टिकली. जुलै २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असं सांगितलं त्या पट्ट्यात म्हादई आणि नेत्रावळी दोन्ही येतात. माझ्या मते राज्यपाल म्हणून त्यांचं मोठं काम हेच, पंजाबमधली २००३ पर्यंतची कारकीर्द त्यापुढे साधी वाटते.

१३ जानेवारी २०१६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, दुसऱ्याच दिवशी इथे लष्करी इतमामात दफन झालं. ज्यूंमध्ये परंपरेने दहन करत नाहीत आणि दफनही शक्य तितकं लवकर करतात, त्यामुळे मोठा माणूस गेला म्हणून चार दिवस पार्थिव ठेवायची पद्धत नाही. कबरीवरचा दगड मात्र बऱ्याचदा नंतर बसवतात, अनेक ठिकाणी वर्षाच्या आत. भेटीला येणारे फुलांऐवजी छोटा खडा ठेवून जातात, मेलेल्यासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणतात, त्यासाठी किमान दहा जण लागतात आणि दिल्लीसारख्या ठिकाणी दहा जमवणं हीच खरी कसरत असते, कारण इथली ज्यू कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी दूतावासातले लोक आणि पर्यटक. या सिनेगॉगचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे इझिकल आयझॅक मळेकर हे बेने इस्रायली, मूळचे पुण्याकडचे, म्हणजे घरचं मराठी. कोकणातल्या ज्यू दफनभूमींमध्ये हिब्रूच्या जोडीला मराठीत कोरलेले दगडही सापडतात, अलिबागजवळ नवगावला तर बेने इस्रायलींच्या पूर्वजांचं स्मारकच आहे, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्यांचं.

भारतात आपल्याला ज्यू म्हणून कधी वाईट वागणूक मिळाली नाही, मिळाली ती ब्रिटिशांकडून, असं जेकब सांगायचे. इस्रायलशी संबंध वाढावेत यासाठी ते उघडपणे बोलत. २०१९ मध्ये जेरुसलेमच्या ॲम्युनिशन हिलवरच्या सन्मान भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लागली.