रोगप्रतिकारशास्त्रातील गणित

रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशी मोजण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंत लागणारे गणित. त्यातले बरेचसे शाळेतलेच असते: गुणोत्तरे, घातांक, लॉगॅरिदम. प्रतिपिंडांचे (रोगजंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचे) टायटर, म्हणजे रक्तद्रव किती पट पातळ केल्यावरही ती सापडतात तो आकडा, काढताना रक्तद्रव दर पायरीला दुप्पट पातळ करत नेतात. ही मापे पटीने वाढतात, म्हणून त्यांची भूमितीय सरासरी (n संख्यांच्या गुणाकाराचे n-वे मूळ) घेतात. तिघांचे टायटर २०, ४० आणि ६४० असतील तर साधी सरासरी २३३ येते, भूमितीय ८०. साधी सरासरी एका माणसामुळेच फुगते.

संभाव्यतेचा खरा कस लागतो तो एकेक पेशी वेगळी करताना. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिल्स्टाइन यांनी संकरित पेशींपासून एकाच जातीची प्रतिपिंडे मिळवण्याची पद्धत मांडली. त्यासाठी प्रयोगाच्या प्लेटमधल्या प्रत्येक खळग्यातली (छोट्या कप्प्यातली) पेशींची वसाहत एकाच पेशीपासून वाढलेली हवी. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्याला सरासरी १ पेशी टाकली, तर प्वासाँ वितरणानुसार (सरासरी ठाऊक असता ०, १, २… पेशी पडण्याची शक्यता सांगणाऱ्या सूत्रानुसार) सुमारे ३७ टक्के खळगे रिकामे राहतात, ३७ टक्क्यांत एक पेशी पडते आणि २६ टक्क्यांत दोन किंवा अधिक. म्हणून मुद्दाम सरासरी ०.३ ठेवतात. मग ७४ टक्के खळगे रिकामे जातात, पण पेशी पडलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के एकपेशीय असतात. नवख्याला ही उधळपट्टी वाटते. खात्री हवी असेल तर ती करावीच लागते आणि पुष्कळदा हीच वाटणी पुन्हा करतात. हेच सूत्र उलटे वापरून दुर्मिळ टी-पेशींचे (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे) प्रमाणही काढता येते: पेशींच्या ज्या मात्रेला ३७ टक्के खळगे प्रतिसाद देत नाहीत, त्या मात्रेत तशी सरासरी एक पेशी असते.

गणिताने समजच बदलल्याचे ठळक उदाहरण एचआयव्हीचे. लागण झाल्यावर अनेक वर्षे रक्तातली विषाणूंची पातळी फारशी हलत नाही, त्यामुळे विषाणू या काळात सुस्त असावा असे वाटे. पण निर्मिती आणि निचरा दोन्ही सारख्याच वेगाने चालू असले तरीही पातळी स्थिरच दिसणार. औषधाने निर्मिती रोखली की उरतो तो निचरा, आणि त्याचा वेग पातळीच्या घसरणीवरून मोजता येतो. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी अशी मोजमापे प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे ॲलन पेरेलसन यांनी हो यांच्यासह विकलक समीकरणे (बदलाचा वेग सांगणारी समीकरणे) त्या घसरणीवर बसवली: मोकळ्या विषाणूचा अर्धायुकाल (संख्या निम्मी होण्यास लागणारा काळ) सुमारे ६ तास, बाधित पेशीचा सुमारे दीड दिवस आणि रोजची निर्मिती किमान १,००० कोटी विषाणूंची. इतक्या प्रती निघत असतील तर एका औषधाला दाद न देणारा उत्परिवर्ती विषाणू रोजच तयार होत असणार. म्हणून तीन औषधे एकत्र देण्यामागचे तर्कशास्त्र याच आकड्यांवर भक्कम झाले.