रेड स्टार आणि पार्टिझान: बेलग्रेडच्या दोन क्लबांमधली नेहमीची गल्लत

दोन्ही फुटबॉल क्लब सर्बियाची राजधानी बेलग्रेडचे, दोन्ही १९४५ साली स्थापन झालेले, दोघांच्याही बोधचिन्हात लाल तारा आणि दोघेही एकेकदा युरोपियन कपच्या (म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यापर्यंत पोचलेले. त्यामुळे एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या खात्यावर सहज जमा होतो. त्यातून ‘रेड स्टार’ हे नाव ऐकलं की हा लष्कराचा क्लब असणार, असं वाटतं. तसं नाही. लष्करातून उभा राहिलेला क्लब पार्टिझान. (पॅरिसलाही एक रेड स्टार आहे. तो १८९७ चा, त्याचा इथे काही संबंध नाही.)

रेड स्टार, म्हणजे तिथल्या लोकांची ‘झ्वेज्दा’, ४ मार्च १९४५ ला जन्माला आली. युरोपात महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं. सर्बियातल्या फॅसिस्टविरोधी युवक संघटनेच्या पोरांनी क्लब काढला. युद्धापूर्वीचा ‘युगोस्लाव्हिया’ हा क्लब नव्या राजवटीने मोडीत काढला होता. त्याचं मैदान आणि लाल-पांढरा रंग झ्वेज्दाकडे आला.

पार्टिझान त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तरुण सेनाधिकाऱ्यांनी उभा केला. १९४९ मध्ये बीएसके या जुन्या क्लबाच्या जागेवर त्यांचं स्टेडियम झालं. त्याचं तेव्हाचं नावच युगोस्लाव्ह लोकसेनेचं, ‘जेएनए स्टेडियम’. आज ओळखीचे झालेले काळे-पांढरे पट्टे मात्र १९५८ पासूनचे. त्याआधीच्या फोटोत काळा-पांढरा पार्टिझान शोधायला जाऊ नका.

दोन्ही स्टेडियममध्ये एक किलोमीटरसुद्धा अंतर नाही. झ्वेज्दाचं ‘माराकाना’ १९६३ मध्ये खुलं झालं. त्याआधीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यात हमखास चूक होते. ५ फेब्रुवारी १९५८ ला मँचेस्टर युनायटेडने बेलग्रेडमध्ये ३-३ अशी बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर म्युनिकला त्यांचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली. तो सामना झ्वेज्दाविरुद्ध होता, पण झाला जेएनए स्टेडियमवर. जागा बघून तो पार्टिझानच्या नावावर मांडू नये.

आता युरोपकडे वळू. इथे पहिला मान पार्टिझानचा, आणि तो पुरेसा दिला जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ४ सप्टेंबर १९५५ ला लिस्बनमध्ये युरोपियन कपचा इतिहासातला पहिलाच सामना झाला, त्यात स्पोर्टिंगसमोर पार्टिझान होता. निकाल ३-३. अकरा वर्षांनी त्यांची तरुण फळी, ‘पार्टिझानची बाळं’ म्हणून ओळखली जाणारी, उपांत्यपूर्व फेरीत प्रागला स्पार्टाकडून १-४ ने मार खाऊन आली आणि घरी ५-० ने जिंकली. उपांत्य फेरीत त्यांनी मँचेस्टर युनायटेडला पाणी पाजलं. ११ मे १९६६ ला ब्रसेल्समध्ये रेआल माद्रिदविरुद्ध वेलिबोर वासोविचने गोल करून त्यांना पुढे नेलं. मग अमान्सिओ आणि सेरेना यांनी एकेक गोल केला, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. तोवर पूर्व युरोपातला एकही क्लब त्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला नव्हता.

झ्वेज्दाने तो घास २५ वर्षांनी खाल्ला. २४ एप्रिल १९९१, माराकाना, उपांत्य फेरीचा दुसरा सामना, समोर बायर्न म्युनिक. म्युनिकचा सामना झ्वेज्दाने २-१ असा जिंकला होता, इथे मात्र बायर्न २-१ ने पुढे. एकूण ३-३, घड्याळ ९० मिनिटांवर. सिनिशा मिहायलोविचने डावीकडून चेंडू आत मारला. बायर्नचा कर्णधार क्लाउस आउगेनथालर अडवायला गेला, चेंडू त्याच्या पायाला लागून उंच उडाला आणि गोलरक्षक आउमानच्या हाताला लागूनही जाळ्यात पडला. त्याच रात्री बायर्नचा पहिला गोल याच आउगेनथालरने केला होता.

अंतिम सामना इटलीतल्या बारीला, २९ मे रोजी, फ्रान्सच्या मार्सेविरुद्ध. इतके गुणी खेळाडू असूनही झ्वेज्दा बचावाला चिकटून राहिली, आणि खरं सांगायचं तर तो सामना बघायला रटाळ आहे. ०-० नंतर पेनल्टी. मार्सेच्या अमोरोसची पहिलीच पेनल्टी स्तोयानोविचने अडवली, शेवटची पांचेवने मारली, ५-३. मार्सेकडे तेव्हा झ्वेज्दाचाच जुना लाडका द्रागान स्तोयकोविच होता. तो जादा वेळेत मैदानात आला, पण जुन्या क्लबाविरुद्ध पेनल्टी मारायला त्याने नकार दिला. डिसेंबरमध्ये टोकियोत चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवून झ्वेज्दाने युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला इंटरकॉन्टिनेंटल कपही नेला.

दोन्ही संघांच्या नशिबी मात्र एकच गोष्ट आली: शिखर गाठलं आणि संघ पांगला. १९६६ नंतर वासोविच नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला आणि १९७१ मध्ये तिथे कर्णधार म्हणून हाच कप त्याने उचलला. गोलरक्षक शोश्किच कोलोनला, गालिच बेल्जियमला. १९९१ नंतर प्रोसिनेच्की रेआल माद्रिदला, मग साविचेविच मिलानला, पांचेव इंटरला. झ्वेज्दाच्या बाबतीत युगोस्लाव्हिया हा देशच फुटत होता. युद्धामुळे १९९१-९२ मध्ये विजेत्यांना ‘घरचे’ सामने हंगेरी आणि बल्गेरियात खेळावे लागले. तो संघ आणखी दोन वर्षं एकत्र राहता तर, हा विचार आजही सुटत नाही.

भारतीय वाचकाला दोन्ही क्लब एका जुन्या सामन्यात एकत्र भेटतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने हरवलं. त्यात चार गोल पार्टिझानच्या ब्रांको झेबेकचे, दोन झ्वेज्दाच्या राय्को मितिचचे. माराकानाला २०१४ पासून याच मितिचचं नाव आहे.

एरवी या दोघांचं उभं वैर. पहिली डर्बी (एकाच शहरातल्या प्रतिस्पर्ध्यांची लढत) ५ जानेवारी १९४७ ला झाली, झ्वेज्दा ४-३ ने जिंकली. झ्वेज्दाचे पाठीराखे ‘देलिये’ उत्तरेच्या स्टँडमध्ये, पार्टिझानचे ‘ग्रोबारी’ दक्षिणेच्या. देशांतर्गत विजेतेपदांत झ्वेज्दा पुढे आहे. पार्टिझानची २७ आहेत, त्यांतली सहा २००८ ते २०१३ अशी सलग, शेवटचं २०१७ चं. २०१८ ते २०२५ दरवर्षी झ्वेज्दाच.

शेवटची एक गल्लत. ‘पार्टिझान, युरोपियन विजेते, १९९२’ असं कुठे वाचलंत तर ते खोटं नाही, पण ते बास्केटबॉलचं आहे. दोन्ही नावांखाली बरेच खेळ चालतात. त्या वर्षी इस्तंबूलमध्ये जॉर्जेविचने शेवटच्या क्षणी तीन गुणांची बास्केट मारून बादालोनाच्या संघाला हरवलं. फुटबॉलचा युरोपियन कप बेलग्रेडमध्ये एकदाच आला, आणि तो माराकानावर गेला.